पहिली बादली

परवा चांदवडला गेले तेव्हा किरणने यारी भंगारात काढली होती. किरण माझा भाचा. मळ्यात नवं घर बांधलंय त्याने, येत्या रविवारी वास्तुशांत आहे. अंगणात मांडव घालायचा तर मधोमध ते गंजलेलं धूड कशाला, असं त्याचं म्हणणं. बरोबरच आहे. ज्यांनी यारी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. विहीर खणताना खालचा दगडगोटा वर काढायला काठावर जो लोखंडी सांगाडा उभा करतात ना, ती यारी. एक उभा खांब, त्याला जोडलेला लांब आडवा हात, हाताच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून तारेचा दोर आणि दोराला मोठी लोखंडी बादली. इंजिन भकभकायला लागलं की बादली खाली जाते आणि वर येते. दगड तिच्यातूनच वर येतात आणि माणसंही तिच्यातूनच खाली उतरतात.

भंगारवाल्याचा माणूस गॅसच्या ज्योतीने तिचे तुकडे करत होता. तापलेल्या लोखंडाचा, करपलेल्या ग्रीसचा आणि कुठल्या तरी सांदीत वर्षानुवर्षं अडकून राहिलेल्या मातीचा वास अंगणभर पसरला, आणि मला नाशिकचं साळवे मिस्त्रींचं दुकान आठवलं. आठवलं कसलं, मी त्यात जाऊन उभीच राहिले. लोक मोगऱ्याच्या वासाने हळवे होतात, मी जळक्या लोखंडाने होते. आमच्या घराण्याची तऱ्हाच न्यारी.

"आत्या," किरण म्हणाला, "मिस्त्रींना आमंत्रण तू दे. नाशकातच असतेस. सांग त्यांना, गाडी पाठवतो. आता आबा नाहीत, तर पहिला मान त्यांचाच."

मी बरं म्हटलं आणि संध्याकाळच्या एसटीने परत आले. खिडकीतून कांद्याचा वास येत होता आणि माझं चित्त तीस-चाळीस वर्षं मागे पळत होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्याकडे जो तो विहीर खोल करायला लागला. पाणी खाली गेलं आणि माणसं त्याच्या मागे गेली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेव्हा यारी घेतली आणि गावोगावच्या विहिरींची कामं धरली. खालच्या टोळीचा म्होरक्या माझा थोरला भाऊ, दादा. दुपारी सुरुंग उडायचे. आधी "होऽऽ" अशी लांबलचक आरोळी यायची, मग शिवारभर चिडीचूप, पाखरंसुद्धा गप्प, आणि मग जमिनीच्या पोटातून धप्प आवाज. त्याच्या मागोमाग आमच्या फडताळातली भांडी किणकिणायची. संध्याकाळी दादा घरी आला की त्याच्या अंगाला सुरुंगाच्या दारूचा उग्र वास असे. वहिनी त्याचे कपडे वेगळे भिजवायची आणि तरी धुणं वाळत घातलं की सगळ्या अंगणाला तो वास लागायचा. उन्हाळा म्हटला की मला आंबे नाही आठवत, तो वास आठवतो.

यारीचा सगळा जीव एका जोडावर असतो. खांबाला जिथे आडवा हात जोडलेला असतो तिथे. आम्ही त्याला यारीची काख म्हणायचो. दगडांचं ओझं, बादलीचे हिसके, सगळं त्या काखेवर येतं. वर्ष-दोन वर्षांत तिथे चीर दिसायला लागायची आणि मग वेल्डिंग करून घ्यावं लागायचं. चांदवडात वेल्डर नव्हते असं नाही. पण आबांचा विश्वास बसायचा नाही. जो माणूस कांदा नुसता मानेशी दाबून सांगायचा की हा चाळीत दिवाळीपर्यंत टिकेल की नाही, त्याला वेल्डर पारखायला वेळ लागणारच. यारीचा हात सोडवून, कांद्याच्या ट्रकवर टाकून ते थेट नाशिकला आणायचे.

मी तेव्हा पंचवटीत मावशीकडे राहून डी.एड. करत होते. त्यामुळे निरोप्याचं काम माझ्याकडे. आग्रा रोडला लागून ओळीने पत्र्याची दुकानं होती, त्यात साळवे मिस्त्रींचं. दुकान म्हणजे काय, तीन बाजूंना पत्रा आणि चौथी बाजू रस्त्याला मोकळी. आत एका भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिला रोज ताजा हार. खंडेनवमीला शेजारच्या सगळ्या दुकानांतल्या यंत्रांना झेंडूच्या माळा चढायच्या, पण मिस्त्रींचं दुकान तेव्हा बंद असे. ते सहकुटुंब नागपूरला गेलेले असत. परत आले की आठवडाभर खुशीत असायचे. एरवी माणूस कमी बोलणारा. मी गेले की हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "ताई, तिकडं बघू नका. भिंतीकडे तोंड करून सांगा." मग मी पत्र्याकडे बघत आबांचा निरोप सांगायची आणि पत्र्यावर तो निळा उजेड थरथरत राहायचा. एकदा हट्टाने सरळ बघितलं. पुढे दिवसभर डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं आणि मावशीने बटाट्याच्या चकत्या ठेवून मला अंधाऱ्या खोलीत निजवलं. वर शिव्या घातल्या त्या वेगळ्याच.

आबांना वेल्डिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मिस्त्री काम करत असताना ते समोर उकिडवे बसून तासन्तास बघायचे. आधी गंज किती खरवडतो ते बघायचे. "गंजावर जोड मारनारा आन् शेनावर रांगोळी काढनारा, दोघं सारखेच," हे त्यांचं मत. मिस्त्री ब्रशने घासून घासून लोखंड चांदीसारखं करत. पावसाळी दिवस असले तर वेल्डिंगचे रॉड ते आधी शेगडीजवळ डब्यात ठेवून कोरडे करत, सर्दट रॉडला हात लावत नसत. मग आवाज. चांगल्या हाताचा आवाज तापल्या कढईत भजी सोडल्यासारखा, एका लयीत चरचरणारा. मध्येच फटफट झाली की आबा मान हलवायचे. शेवटी हातोडीने हलकेच ठोकलं की जोडावरची काळी खपली एका तुकड्यात निघून पडायची आणि खाली वहिनीच्या गोधडीच्या टाक्यांसारखी बारीक, एकसारखी शिवण दिसायची. आबा तिच्यावरून अंगठा फिरवायचे आणि काही न बोलता तंबाखू काढायचे. तेच त्यांचं प्रशस्तिपत्रक.

पण खरी पारख पुढेच असायची. आमच्याकडच्या विहिरी खणणाऱ्यांची रीतच होती तशी. यारीचा जोड ज्याने केला, त्यानेच पहिल्या बादलीत बसून विहिरीत उतरायचं. तळाला पाय टेकवायचा, तिथला एक धोंडा उचलून वर आणायचा आणि यारीच्या खांबाशी ठेवायचा. मग नारळ फुटायचा आणि मगच टोळी खाली जायची. आबा हसत म्हणायचे, "वेल्डरचं त्वांड बघू नाय, ढुंगन बघावं. बादलीत बसतंय का नाय, येवढंच बघावं." सगळे खो खो हसत. मीही हसायचे. त्या रीतीत काही खोट असेल असं आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. एका माणसाचं वजन ते काय, आणि भरल्या बादलीतल्या दगडांचं काय? साधा हिशेब. पण जो बसला तो खरा, एवढंच आम्हाला कळत होतं.

साळवे मिस्त्री दर खेपेला ट्रकमधून यारीच्या हातासोबत मळ्यात यायचे, आमच्या विहिरीवर यारी उभी करून द्यायचे आणि बादलीत बसायचे. चप्पल काठावर काढून, पँट दुमडून. काठावर सगळं गाव जमलेलं. बायका बादलीला कुंकू लावायच्या. ते खाली बघत, दोर धरून शांतपणे उतरायचे. धोंडा घेऊन वर आले की मी मनातल्या मनात टाळ्या वाजवायचे. उगीच सांगायला कशाला लाजू, मला त्या माणसाचा अभिमान वाटायचा, जणू मीच त्याला शोधून काढला होता.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. आबा तासन्तास त्यांच्या दुकानात बसायचे, पण तिथल्या माठातलं पाणी कधी प्यायले नाहीत. मिस्त्रींनी विचारलं की म्हणायचे, "आत्ताच पिऊन आलो." रणरणत्या उन्हात, जीभ टाळूला चिकटलेली असताना आत्ताच पिऊन आलो. मिस्त्री मळ्यात आले की त्यांचं जेवण बाहेर, आंब्याखाली, पत्रावळीवर. आबा त्यांना "ए मिस्तरी, तू" म्हणायचे. मिस्त्री आबांना "आबा, तुम्ही." मी दुकानात चहा प्यायचे आणि मावशीला सांगायचे नाही. असे ते दिवस होते. चांगले म्हणून आठवायला जावं तर असं काहीतरी टोचतं.

मी शिक्षिका होऊन नाशकातच नोकरीला लागले, दादाचा किरण रांगायला लागला, त्या वर्षीच्या थंडीतली गोष्ट. यारीची काख पुन्हा चिरली. नेहमीसारखा हात नाशकात आला, मिस्त्रींनी जोड केला, आबांनी अंगठा फिरवून तंबाखू काढली. रविवार होता म्हणून मीही ट्रकमधून मळ्यात गेले. हरभऱ्यावर आंबट दवाची आंब साचलेली सकाळ, गारवा, काठावर माणसं. दादा आणि त्याची टोळी कमरेला फडकी बांधून तयार. बादलीला कुंकू लागलं. मिस्त्रींनी चप्पल काढली, बादलीच्या काठावर हात ठेवला, खाली बघितलं आणि तसेच उभे राहिले.

मग म्हणाले, "मी उतरणार नाही."

"का रं?" आबा म्हणाले.

"नाही उतरणार."

त्यांनी चप्पल घातली, आपली पिशवी उचलली आणि हरभऱ्याच्या बांधावरून सरळ रस्त्याकडे चालू लागले. मागे वळून बघितलं नाही. टोळीतला एक म्हातारा म्हणाला, "ज्यानं केलं त्यालाच भरोसा नाय, तिथं आपन काय जायाचं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरं कारण कुणाच्या डोक्यात यायला जागाच नव्हती. आबांचा चेहरा उतरला. वर्षानुवर्षांचा माणूस, आणि त्याने कच्चं काम करून गळ्यात मारलं असं त्यांना वाटलं. मिस्त्रींच्या मागे जाऊन पुन्हा एकदा विचारावं असं त्यांना वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

आठवड्याच्या आत यारीचा हात ट्रॅक्टरवर टाकून विंचूरच्या एका वेल्डरकडे गेला. आबा कांदा घेऊन तिकडे जायचे, बाजारात कुणीतरी नाव सांगितलं. या माणसाने मिस्त्रींचा जोड गॅसने कापून काढला आणि नवा केला. बोलायला गोड. बोलणाऱ्याचे कुळीथही खपतात म्हणतात, तसा. गळ्यात रंगीत रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. मळ्यात आला तो गाणं म्हणत आला आणि उडी मारून बादलीत बसला. अर्ध्यावर गेल्यावर खालून ओरडला, "आबासाहेब, दोर सोडा अजून, काय भिता?" काठावर हशा पिकला. धोंडा घेऊन वर आला तर पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. नारळ फुटला. आबा किती दिवसांनी मोकळं हसले, आणि त्यांना हसताना बघून आम्हालाही बरं वाटलं. वहिनीने त्या वेल्डरला घरात पाटावर बसवून शिरा वाढला.

चैत्रात ती काख निखळली. सकाळची वेळ होती आणि दादा बादलीत होता.

त्याबद्दल मी अधिक काही लिहिणार नाही. मला शाळेत निरोप आला, मी वर्गातून उठले ते थेट मळ्यात. त्या दिवसांतलं मला जे आठवतं ते वेगळंच काही. कांदा काढणीला आला होता आणि कुणी काढला नाही. पाती वाळून आडव्या झाल्या, कांदे उन्हाने भाजले, मग सडले, आणि तो सडका गोडसर वास घरात, अंथरुणात, पाण्याच्या हंड्यात. किरणला दात येत होते, तो रात्रंदिवस रडायचा आणि वहिनी त्याला मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. सुरुंगाच्या वासाचे दादाचे कपडे आडावर भिजत घातलेले होते, ते कुणी पिळले नाहीत. शेवटी मीच ते उपसून वाळत घातले आणि दोरीजवळ उभी राहून ओक्साबोक्शी रडले.

दहाव्याला साळवे मिस्त्री आले. अंगणाच्या कडेला, निंबाच्या बुंध्याशी उभे. यारीचा तुटलेला हात अंगणातच पडलेला होता. मिस्त्री त्याच्याशी उकिडवे बसले आणि त्यांनी तुटलेल्या जागेत बोट घातलं. वरून शिवण देखणी होती आणि आत लोखंडाला लोखंड धरलेलंच नव्हतं, हे मलाही दिसत होतं. आबा ओसरीवरून उठले. त्यांना चालवत नव्हतं. ते मिस्त्रींपाशी गेले आणि सगळ्या जमावासमोर म्हणाले, "तुला ठावं व्हतं. यारीत काय तरी खोट हाय, तुला दिसलं व्हतं. तू येकटा खरं बोलला आन् म्या आयकलं नाय."

मिस्त्रींनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. आबांनी त्यांचा हात धरला, त्यांना ओसरी ओलांडून आत नेलं, आपल्या शेजारी पाट मांडायला लावला आणि म्हणाले, "बसा. तुम्ही हितं बसायचं." आबांच्या तोंडून त्यांना तुम्ही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. भाऊबंदांपैकी एक-दोघं उठून गेले. आबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर आबा जगले तोवर दर पोळ्याला, दर दिवाळीला मिस्त्रींना बोलावणं असे. नव्या कांद्याची पहिली गोणी त्यांच्या घरी. आबा नाशकात आले की दुकानात जाऊन आधी माठातलं पाणी प्यायचे, तहान नसली तरी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "कारागीर वळखायचा आसंल तर आसा वळखा. जे टिकनार नाय त्यावर बसनार नाय म्हनला." साऱ्या तालुक्यात मिस्त्रींचं नाव झालं. लांबून लांबून लोक काम घेऊन यायचे. मिस्त्री मात्र आमच्याकडे आले की खाली मान घालून दोन घास खायचे आणि उठायचे. आम्ही म्हणायचो, किती नम्र माणूस. यारीचं काम त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही. दुकान पुढे रस्तारुंदीत गेलं. आता तिथे वरून पूल जातो आणि खाली मोटारी उभ्या असतात.

तर चांदवडहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आमंत्रण घेऊन त्यांच्याकडे गेले. मुलाच्या घरी असतात, सातपूरच्या बाजूला एका कॉलनीत. ऐंशीच्या पुढे गेलेत. डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही फारसं दिसत नाही, पण आवाजावरून ओळखलं. मी वास्तुशांतीचं सांगितलं, गाडीचं सांगितलं, पहिला मान तुमचा म्हणून किरणने सांगितलंय, तेही सांगितलं.

"अंगणात मांडव घालायचाय? मग यारी?" त्यांनी विचारलं.

"भंगारात दिली."

सून चहा ठेवून आत गेली, तशी ते म्हणाले, "ताई, मी येणार नाही. का येणार नाही ते सांगतो. आबांना सांगायचं राहून गेलं, निदान तुम्हाला तरी सांगतो. माझ्या जोडात खोट नव्हती."

"कुठल्या जोडात?"

"आबांनी जो कापून टाकायला लावला. चांगला होता तो. तसा जोड मला नंतर कधी जमला नाही."

मला काही उमगेना. "मग तुम्ही उतरला का नाहीत?"

"भ्यालो."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होईना.

"आधी कितीदा उतरलो होतो," ते म्हणाले. "कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी बादलीवर हात ठेवला, खाली बघितलं, आणि पायच उचलेना. कारण विचाराल तर नाही सांगता येणार. इतकी वर्षं मी ते शोधतोय."

"मग तसं सांगायचं होतंत!" माझा आवाज चढला. "भीती वाटते म्हणायला काय जात होतं? आबांनी तो जोड कापला नसता. दुसऱ्या कुणी बसून दाखवलं असतं!"

"कुणासमोर म्हणू, ताई?" ते शांतपणे म्हणाले. "काठावर तुमचं सगळं गाव उभं होतं. त्यांना मी पाण्याला चालत नव्हतो, बादलीत चालत होतो. तेवढीच माझी जागा. तिथे उभं राहून म्हणू, मला भीती वाटते?"

मग मी जे बोलायला नको ते बोलले. "तुम्ही त्या दिवशी उतरला असतात तर माझा दादा आज असता."

"हो," मिस्त्री म्हणाले. नुसतं हो. मग म्हणाले, "दहाव्याला सांगायलाच आलो होतो. तोंड उघडलंही होतं. पण आबांनी हात धरला, आत नेलं, पाट मांडला. माझा बाप, माझा आजा, कुणी तुमच्या गावात कधी अशा पाटावर बसलं नव्हतं. मी बसलो. मग उठताच आलं नाही."

मी चहा तसाच टाकून उठले. दाराशी आले तेव्हा मागून म्हणाले, "किरणच्या आईला सांगा. त्यांनी हे ऐकून मग बोलावलं, तर येईन."

त्या रात्री मला राग आवरेना. आधी मिस्त्रींचा आला. मग आबांचा, की हा माणूस एकदा "का रं" म्हणाला आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही. वर्षानुवर्षं ज्याच्या हातावर आपल्या पोराचा जीव टांगला, त्याला एकदा बाजूला घेऊन विचारावं, बाबा, काय झालं? पण आबा असे कुणाला बाजूला घेणारे नव्हते, त्यात मिस्त्रींना तर नाहीच. आणि सगळ्यात जास्त राग त्या पाटाचा आला. तो त्यांना पहिल्याच खेपेला, पहिला धोंडा घेऊन वर आले तेव्हाच मिळायला हवा होता. आमच्या घरातला माणूस जाईपर्यंत तो भिंतीला टेकून उभा होता. हे सगळं खरं, आणि तरी दादा गेला तो गेलाच. त्याला कुणाचाही न्याय पुरत नाही. मला मिस्त्रींची कीव येत होती आणि त्यांचं तोंड बघू नये असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने चांदवडला गेले. वहिनी नव्या घराच्या ओट्यावर गहू निवडत बसली होती. तिचे केस आता पार पांढरे झालेत. पंचविशीच्या आत ती विधवा झाली, सासरा सांभाळला, पोर वाढवलं, मळा राखला, आणि या साऱ्यात मी तिला मोठ्याने रडताना कधी पाहिलं नाही. मी तिच्या शेजारी बसले. कसं सांगायचं ते वाटेत घोकलं होतं, ते सगळं विसरले आणि नुसतं म्हणाले, "वहिनी, मिस्त्रींचा जोड पक्का होता. त्यांना खोट-बिट काही दिसली नव्हती. ते भ्याले होते त्या दिवशी."

तिचा हात सुपात थांबला. "भ्याले?"

"हो. लाजेपायी बोलले नाहीत. आणि म्हणतात, तुला कळल्याशिवाय आता या घरी येणार नाही."

समोर मांडववाल्याची माणसं वासे उतरवत होती, किरण त्यांच्यावर ओरडत होता. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. ती शिव्याशाप देईल, सूप भिरकावेल, की उठून आत जाईल, या सगळ्यासाठी मी मनाची तयारी केली होती.

"ह्यांना बी भ्या वाटायचं, वन्सं," वहिनी म्हणाली. "रोज सकाळी. फडकं बांधताना हात कापायचे, गाठ बसायची नाय. मंग मीच बांधून द्यायची. आन् म्हनायची, आबांसमोर काय बोलू नका."

तिने पदराने डोळे पुसले, सूप मांडीवर ओढलं आणि किरणला हाक मारली.

"मिस्तरींना गाडी सकाळीच पाठव रं," ती म्हणाली. "उन्हं चढायच्या आत येऊ दे त्यांना."